अर्धा हापूस आणि चार कप चहा

प्रश्न : मी चिपळूणजवळच्या एका गावात राहणारी 61 वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. सहा वर्षांपूर्वी मला टाइप दोनचा मधुमेह असल्याचे निदान झाले आणि त्या दिवसापासून मी एकही फळ तोंडाला लावलेले नाही. आमच्या परसात सासऱ्यांनी लावलेली हापूसची दोन कलमे आहेत. दर मे महिन्यात नातवंडांना आंबे कापून देते, पण स्वतः बाठासुद्धा चोखत नाही. साखर सोडली आहे. दिवसातून चार वेळा चहा होतो, त्यात दोन-दोन चमचे गूळ घालते. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी नियमित घेते. तरीही गेल्या महिन्यात एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) 8.2 आले. डॉक्टर, आता मी आणखी काय सोडू?

उत्तर : ताई, आपल्या पत्रातले शेवटचे वाक्य वाचून मला फार वाईट वाटले, कारण असे प्रामाणिक पथ्य पाळूनही हाती काही न लागलेली माणसे मला जवळजवळ रोज भेटतात. आपल्याला आणखी काही सोडायचे असेल, तर ते फळ नाही; तो चहातला गूळ आहे. आणि जे सहा वर्षे सोडले, त्यातले थोडे परत घ्यायला हरकत नाही.

आधी गुळाचे पाहू. गूळ नैसर्गिक आहे, त्यात लोह आहे, म्हणून तो मधुमेहाला चालतो, अशी समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. प्रत्यक्षात चांगल्या गुळात वजनाच्या 85 टक्क्यांच्या आसपास साखरच असते आणि चमचाभर गुळातून मिळणारे लोह अगदी नगण्य असते. एका चमच्यात साधारण पाच ग्रॅम गूळ धरला, तर आपल्या चार कपांतून दिवसाला 40 ग्रॅम गूळ पोटात जातो. तोही पातळ पदार्थात विरघळलेला, रिकाम्या पोटी किंवा दोन जेवणांच्या मधे, सोबत कोणताही तंतुमय भाग नसलेला. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली किंवा मोकळी साखर रोजच्या एकूण उष्मांकाच्या 10 टक्क्यांहून कमी असावी आणि जमल्यास 5 टक्क्यांच्या आत ठेवावी. दोन हजार उष्मांकांच्या आहारात हे प्रमाण अनुक्रमे 50 आणि 25 ग्रॅम होते, आणि आपल्या वयाच्या स्त्रीची गरज बहुधा दोन हजारांहून कमीच असते. या मोकळ्या साखरेत साखर, गूळ, मध आणि फळांचा रससुद्धा मोजला जातो. अख्ख्या फळातली साखर मात्र त्यात मोजली जात नाही. आपण नेमके उलटे केलेत, ताई : जी मोजायची ती साखर ठेवली आणि जी त्या मोजणीत येतच नाही ती सोडून दिली.

आता आंब्याकडे येऊ. जिभेला जे गोड लागते तेच रक्तातली साखर वाढवते, असे आपल्याला वाटते. पण एका वेळी एकूण किती कर्बोदके पोटात गेली, ती किती वेगाने रक्तात उतरली आणि त्यांच्यासोबत दुसरे काय खाल्ले, यावर ती वाढ ठरते. हापूसच्या 100 ग्रॅम गरात साधारण 15 ग्रॅम कर्बोदके असतात. अडीचशे ग्रॅमच्या मध्यम फळातून साल आणि बाठा काढला, तर सुमारे दीडशे ग्रॅम गर उरतो. म्हणजे अर्ध्या आंब्यात 11 ग्रॅमच्या जवळपास कर्बोदके येतात. तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत ती 20 ग्रॅमच्या घरात असतात. जी पोळी आपण निश्चिंतपणे दोनदा वाढून घेतो, तिच्याहून अर्धा आंबा रक्तातल्या साखरेवर कमी भार टाकतो.

याचा अर्थ आमरस-पुरीचे ताट मोकळे झाले, असा कृपा करून घेऊ नये. मोठी वाटी रस म्हणजे दीड-दोन आंब्यांचा गर. त्यात बऱ्याच घरांत वरून साखरही पडते आणि सोबत पाच-सहा पुऱ्या व भात असतो. त्या एका जेवणात शंभर ग्रॅमहून अधिक कर्बोदके सहज होतात. दुपारी असे जेवून संध्याकाळी साखर तपासली आणि ती 300 निघाली, की दोष एकट्या आंब्यावर येतो आणि पुऱ्या सुटून जातात.

म्हणून आंबा जेवणावर वाढवू नका, जेवणातल्या कशाच्या तरी जागी घ्या. एक पोळी कमी करून अर्धा आंबा फोडी करून खावा. ताटात उसळ, आमटी, दही आणि पालेभाजी असावी, म्हणजे साखर रक्तात सावकाश उतरते. रस काढू नये. आणि दुसऱ्या दिवशी मोह झाला, तरी त्या दिवसाचे फळ तेवढेच.

आपल्याकडे ग्लुकोमीटर असेल, तर माझ्यावर किंवा कोणत्याही तक्त्यावर विसंबून राहू नका. जेवायला बसण्याआधी एकदा आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी पुन्हा एकदा साखर पाहा. हेच एकदा आंब्याशिवायच्या नेहमीच्या जेवणावर आणि एकदा पोळीऐवजी अर्ध्या आंब्यावर करा आणि दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवा. दोन आकड्यांतली वाढ 40-50 मिलिग्रॅमच्या आत राहत असेल, तर तेवढे फळ आपल्या शरीराला पेलते, असे मी माझ्या रुग्णांना सांगतो. वाढ जास्त दिसली, तर फोडी कमी कराव्यात. आपण आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या. ही वही आता आपली स्वतःची आहे.

ग्लायसेमिक इंडेक्सच्या, म्हणजे कोणता पदार्थ रक्तातली साखर किती वेगाने वाढवतो हे दाखवणाऱ्या निर्देशांकाच्या, याद्या आजकाल मोबाइलवर फार फिरतात. त्या पूर्ण चुकीच्या नाहीत, पण अपुऱ्या आहेत. कलिंगडाचा हा निर्देशांक 70 च्या वर मोजला गेला आहे, म्हणून लोक त्याला घाबरतात. पण 100 ग्रॅम कलिंगडात कर्बोदके जेमतेम सात-आठ ग्रॅम असतात, त्यामुळे एका मध्यम फोडीने फारसे काही बिघडत नाही. उलट केळे, चिकू आणि सीताफळ यांचा निर्देशांक त्याहून कमी असला, तरी त्यांत 100 ग्रॅमला 20 ते 25 ग्रॅम कर्बोदके असतात. जळगावच्या एका मोठ्या केळ्याऐवजी अर्धे केळे किंवा छोटे वेलची केळे, घोलवडचा एकच लहान चिकू आणि सीताफळाचा फार तर अर्धा भाग, असे प्रमाण ठेवावे. पेरू मला सर्वांत आवडतो : 100 ग्रॅमला 14 ग्रॅम कर्बोदके, त्यातच पाच ग्रॅमच्या आसपास तंतू, खायला वेळ लागतो आणि पोट भरते. पपई, संत्रे, जांभळे हीही उत्तम. परदेशातून आलेली महाग फळे मधुमेहासाठी खास म्हणून विकली जातात; त्यांच्यात असे काहीही नाही, जे आपल्या बाजारातल्या पेरूत मिळत नाही.

फळांच्या रसाबाबत मात्र मी कठोर आहे. दोन-तीन मोसंब्यांची साखर एका पेल्यात उतरते, चोथा गाळणीत राहतो आणि पेला दोन मिनिटांत रिकामा होतो. दीर्घकाळ पाहणी केलेल्या तीन मोठ्या अमेरिकी गटांवरचा एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अख्खी फळे, विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षे आणि सफरचंदे, अधिक खाणाऱ्यांत टाइप दोनचा मधुमेह कमी आढळला आणि रस अधिक पिणाऱ्यांत तो जास्त आढळला. चीनमध्ये सुमारे पाच लाख प्रौढांवर झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, आधीच मधुमेह असलेल्यांपैकी जे नियमित ताजी फळे खात होते त्यांच्यात मृत्यूचे आणि रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंतीचे प्रमाण कमी होते. अशा पाहण्यांवरून फळानेच हे घडले, असे सिद्ध होत नाही. पण फळ हे मधुमेह्याचे विष आहे, या समजुतीला त्यात कोठेही आधार मिळत नाही.

एक गोष्ट मनावर घेऊ नका. आपले 8.2 हे केवळ पथ्याचे अपयश नाही. टाइप दोनच्या मधुमेहात इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींची ताकद वर्षागणिक कमी होत जाते आणि सहा वर्षांपूर्वी पुरणारी गोळी आज अपुरी पडू शकते. चहातला गूळ आजपासून निम्म्यावर आणा, महिनाभरात बंद करा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करा आणि तो अहवाल घेऊन आपल्या डॉक्टरांशी औषधांबद्दल बोला. ग्लिमेपिराइडने साखर खाली जाऊ शकते, म्हणून गूळ कमी करतानाच्या दिवसांत घाम, थरथर किंवा अचानक भूक जाणवली, तर लगेच साखर तपासा.

प्रश्न : माझे वय 54, राहणार नाशिक. सोमवार आणि संकष्टी असे उपवास मी तरुणपणापासून करतो. आता मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड आणि व्होग्लिबोज घेतो. उपवासाला साबुदाण्याची खिचडी आणि फळे खातो. गेल्या संकष्टीला दुपारी चारच्या सुमारास हातपाय थरथरले, म्हणून एक केळे खाल्ले, पण बराच वेळ बरे वाटले नाही. उपवास सोडावेत का?

उत्तर : आपण वर्णन केलेली लक्षणे साखर खाली गेल्याची असण्याची दाट शक्यता आहे आणि तिच्याकडे मी गंभीरपणे पाहतो. संकष्टी चंद्रोदयानंतर सुटते. म्हणजे सकाळची खिचडी आणि रात्रीचे जेवण यांत दहा-बारा तासांचे अंतर पडते, आणि ग्लिमेपिराइड मात्र आपण जेवलो की नाही हे न पाहता इन्शुलिन बाहेर काढत राहते. साबुदाणा जवळजवळ शुद्ध स्टार्च आहे. सकाळी साखर झपाट्याने वर जाते आणि दुपारी कोसळते, असे एकाच दिवसात दोन्ही घडते.

साखर 70 च्या खाली गेली, की केळे हा उपाय नाही. त्यातला तंतुमय भाग आणि पिठूळपणा शोषण लांबवतो. एरवी ज्या गुणासाठी आपण फळाची शिफारस करतो, तोच गुण या वेळी आड येतो. शिवाय व्होग्लिबोज हे औषध आतड्यात साखरेचे विघटन करणारी विकरे अडवते, त्यामुळे नेहमीची साखर किंवा पेढासुद्धा उशिराने लागू पडतो. म्हणून खिशात ग्लुकोजची पूड ठेवावी. तिचे तीन चमचे, म्हणजे साधारण 15 ग्रॅम, पाण्यातून घ्यावेत, 15 मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी, आणि ती अजूनही 70 खाली असेल तर तेवढेच परत घ्यावेत. बरे वाटल्यावर मग दूध, शेंगदाणे, फळ असे काही खावे. यात उपवास मोडला असे मानू नये. औषधाला उपवास लागू नसतो, असेच आपली वडीलधारी माणसे सांगत आली आहेत.

उपवास सोडायचे की नाही, हे आपल्या श्रद्धेचे आहे आणि त्यात मी पडणार नाही. पण पुढच्या सोमवारच्या आधी डॉक्टरांकडे जाऊन उपवासाच्या दिवशीची गोळी कमी करायची की वगळायची, हे लिहून घ्या. स्वतःच्या मनाने ती बंद करू नका. खिचडीऐवजी ताक, दही, शेंगदाण्याची आमटी आणि थोडी भगर, मधल्या वेळी एक पेरू किंवा वाटीभर पपई, असे तीन-चार तासांच्या अंतराने खाल्लेत, तर दिवस सुरक्षित जाईल. राजगिऱ्याचा लाडू उपवासाचा असला, तरी त्यात गूळ असतो, हे विसरू नये.

प्रश्न : माझी आई 67 वर्षांची आहे. तिला 20 वर्षांपासून मधुमेह आहे, आता क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी) 2.4 झाले आहे आणि रक्तातले पोटॅशियम वाढल्याचे सांगितले आहे. ती रोज शहाळ्याचे पाणी पिते, केळे आणि संत्रे खाते आणि जांभळाच्या बियांची पूडही घेते. हे चालू ठेवावे का? (सोलापूर)

उत्तर : नाही. वर लिहिलेले बरेचसे आपल्या आईंना लागू होत नाही. मूत्रपिंडे कमजोर झाली, की पोटॅशियम शरीराबाहेर टाकले जात नाही आणि ते फार वाढल्यास हृदयाचे ठोके बिघडतात. शहाळ्याचे पाणी, केळे आणि संत्रे-मोसंबी यांत पोटॅशियम भरपूर असते. ही तिन्ही आजच थांबवा आणि त्यांच्या जागी सफरचंदाच्या किंवा नासपतीच्या थोड्या फोडी द्या. करंबळ, म्हणजे आडवे कापल्यावर चांदणीसारखे दिसणारे स्टार फ्रूट, मूत्रपिंडाच्या रुग्णाने चवीलाही घेऊ नये. त्यातले एक द्रव्य मेंदूवर परिणाम करते आणि अशा रुग्णांत त्याने बेशुद्धी व मृत्यूही ओढवले आहेत. जांभळाच्या बियांचा उपयोग आपल्याकडे जुना आहे, परंतु औषधांच्या जागी ती पूड घ्यावी एवढा पुरावा नाही, आणि या अवस्थेत कोणतीही पूड किंवा काढा मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नये. पोटॅशियमचा ताजा अहवाल आणि आई दिवसभर जे खाते त्याची यादी, ही दोन्ही घेऊन याच आठवड्यात त्यांना भेटा.