मायक्रोवेव्ह दिलेल्या लाकडाचा पल्प स्वस्त पडेल का?

लाकडाच्या चिप्स डायजेस्टरमध्ये (पल्प शिजवायच्या दाबपात्रात) टाकण्याआधी मायक्रोवेव्हमधून काढल्या तर क्राफ्ट पल्पचा, म्हणजे अल्कलीत शिजवून केलेल्या कागदाच्या लगद्याचा, खर्च उतरेल का, हा तुमचा प्रश्न. माझ्या मते सहसा नाही. यांत्रिक पल्पसाठी, म्हणजे लाकूड न शिजवता दळून केलेल्या लगद्यासाठी, मात्र हिशेब करून बघण्यासारखा आहे.

मेलबर्न विद्यापीठात तोर्गोव्हनिकोव्ह आणि विंडेन यांनी या तंत्रावर बरंच काम केलं आहे. ओल्या लाकडातलं पाणी झटकन तापतं, आत वाफेचा दाब वाढतो आणि आडव्या किरण-पेशींच्या पातळ भिंती फाटतात. मग लिकर (शिजवायचं अल्कलीचं द्रावण) आत शिरायला वाट मिळते. पण वाफ निसटते त्यापेक्षा दाब वेगाने वाढला पाहिजे. कमी ताकदीवर सावकाश तापवलंत तर लाकूड नुसतं वाळतं, पैसे वाया.

आता आकडे. एक घनमीटर ओल्या निलगिरीत ५०० किलो कोरडं लाकूड आणि तेवढंच पाणी धरा. २५ वरून १०० अंशांवर न्यायला साधारण ६० युनिट. दहावा हिस्सा पाण्याची वाफ करायला आणखी ३१. मॅग्नेट्रॉनची (विजेपासून मायक्रोवेव्ह तयार करणाऱ्या नळीची) कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर विजेच्या मीटरवर १०७ युनिटच्या आसपास. क्राफ्टचा उतारा (कोरड्या लाकडातून मिळणारा पल्प) ४८ टक्के, म्हणजे टनभर पल्पला सव्वाचार घनमीटर लाकूड आणि सुमारे ४५० युनिट वीज. युनिटला ८ रुपये धरले तर टनामागे ३,६०० रुपये. दिवसाला ३०० टनांच्या गिरणीला प्रत्येकी १०० किलोवॅट मायक्रोवेव्ह देणारे जवळपास ४७ मॅग्नेट्रॉन अखंड चालवावे लागतील, आणि ते काही हजार तासांनी बदलावे लागतात.

चिप्स गरम झाल्याने प्री-स्टीमिंगची (शिजवण्याआधी चिप्सना द्यायची) वाफ वाचेल, हे खरं. पण ती कमी दाबाची वाफ गिरणीत स्वस्त असते, तिच्या जागी आपण महाग वीज घालतोय. कुकिंगचा वेळ घटला तरी बऱ्याच गिरण्यांत अडतं रिकव्हरी बॉयलरवर (वापरलेलं लिकर जाळून रसायनं परत मिळवणाऱ्या बॉयलरवर), डायजेस्टरवर नाही. त्यामुळे उत्पादन वाढत नाही. फायदा हवा तर अल्कली किंवा रिजेक्ट्स (न शिजलेले, चाळणीवर उरणारे तुकडे) स्पष्ट घटले पाहिजेत, आणि ते लिकर न शिरणाऱ्या गाभ्याच्या लाकडातच शक्य वाटतं.

यांत्रिक पल्पचा उतारा ९५ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणून टनाला लाकूड जवळजवळ निम्मंच लागतं, आणि थर्मोमेकॅनिकल पद्धतीत (चिप्स वाफेवर तापवून दळतात) रिफायनर, म्हणजे दळायचं यंत्र, टनाला २,००० युनिटांहून जास्त वीज खातो. तिथे मायक्रोवेव्हला लागणारी सव्वादोनशे-एक युनिट भरून निघायला रिफायनिंगची वीज दहा-बारा टक्के वाचली तरी पुरे. मात्र तंतू तुटून कागदाची ताकद उतरता कामा नये.

प्रयोगशाळेला काम देण्याआधी तुमच्या लाकडाची जात, ओलावा, स्क्रीनवरचे रिजेक्ट्स आणि रिकव्हरी बॉयलरवरचा भार कळवा. आकडे लावून बघू.