उकळती शेवभाजी आणि पातळ पिशवी

प्रश्न : ताई, रावेरकडे आमची केळी आहे. मजुरांसाठी धाब्यावरून गरम शेवभाजी पिशवीत बांधून आणतो. ते प्लास्टिक खरंच अंगात जातं का?

उत्तर : जातं, भाऊ. पाच मिलिमीटरपेक्षा लहान कण म्हणजे मायक्रोप्लास्टिक. २०२२ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांना २२ पैकी १७ रक्तदात्यांच्या रक्तात प्लास्टिक सापडलं. २०२४ चा इटलीतला अभ्यास वाचून तर मी हादरले. मानेच्या धमनीत साचलेल्या थरात हे कण असलेल्या रुग्णांमध्ये पुढच्या सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका साडेचार पट दिसला. कणांमुळेच हे झालं, असं त्यातून सिद्ध होत नाही. तरी त्या पुराव्याची वाट बघत मी माझ्या लेकरांना पिशवीतली तर्री वाढणार नाही.

माझ्या माहेरी, यावलला, अशी पिशवी रिकामी केली की हातात मऊ, सुरकुतलेली लागायची. तिखटाचा लाल डाग धुऊनही जायचा नाही. उष्णता आणि तेल मिळाले की प्लास्टिकमधून कण, रसायनं सुटतात. घरून स्टीलचा डबा न्या, धाबेवाला भरून देतो.

आणि एक, तुम्ही विचारलं नाही तरी सांगते: केळीत जमिनीवर अंथरतो तो मल्चिंग पेपरही प्लास्टिकच. तो फाटला की रोटाव्हेटरखाली जाऊ देऊ नका. आधी वेचून घ्या. जाळू तर अजिबात नका.