मुंबईहून दोहामार्गे फ्रँकफर्ट, पहिल्यांदाच एकटी

घाबरू नकोस. विमानतळावर पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते पाट्या सांगतातच, फक्त वेळ हाताशी हवा. मुंबईत टर्मिनल २ वर उड्डाणाच्या ३ तास आधी पोहोच. क्रम साधा आहे: चेक-इन, इमिग्रेशन (पासपोर्टची तपासणी), सिक्युरिटी, गेट.

चेक-इनला बॅगेवर लावलेला टॅग स्वतः वाच. त्यावर शेवटचं ठिकाण म्हणून फ्रँकफर्टचा कोड, एफआरए, हवा. तो असला की बॅग थेट तिथेच मिळते. दोन्ही बोर्डिंग पास इथेच मागून घे.

नवखे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात ते दोह्यात. गर्दी बाहेर निघाली की तेही मागोमाग जातात. तू ‘ट्रान्स्फर’च्या पाट्या धर. तिथे इमिग्रेशन लागत नाही, सिक्युरिटी मात्र पुन्हा होते, म्हणून पाण्याची बाटली आधीच रिकामी कर. पुढचं गेट स्क्रीनवर बघ, ते बदलू शकतं. बोर्डिंग पासवरची बोर्डिंगची वेळ पाळ, उड्डाणाची नव्हे.

सामानातल्या नेहमीच्या चुका:
- पॉवर बँक चेक-इन बॅगेत. ती केबिनमध्येच हवी.
- लोणचं, तूप हातातल्या बॅगेत. १०० मिलीच्या वरचं काढून घेतात.
- सुकं खोबरं. ते सहज पेट घेतं, म्हणून बंदी आहे. आईला आत्ताच सांग!

पासपोर्ट, विद्यापीठाचं प्रवेशपत्र, विमा, राहण्याचा पत्ता हे सगळं छापून जवळच ठेव. फ्रँकफर्टला अधिकारी विचारतील तेव्हा मोबाइलची बॅटरी संपलेली असू शकते.

लाउंज, माइल्स वगैरे पुढच्या खेपेला सांगेन.