पेनल्टीचा सराव दमल्यावरच

प्रिय खेळाडूस,
अनेक आशीर्वाद.

सॅफच्या, म्हणजे दक्षिण आशियाई फुटबॉल स्पर्धेच्या, शिबिरासाठी निवड झाल्याचं कळलं. अभिनंदन भेटल्यावर करीन, आधी कामाचं.

ही स्पर्धा लीगसारखी लांबत नाही. 2025 मध्ये अरुणाचलात युपियाला 19 वर्षांखालील स्पर्धा झाली, तेव्हा सहा संघांचे तीन-तीनचे दोन गट होते. गटात दोनच सामने, की लगेच उपांत्य फेरी. तिन्ही संघ एकेक सामना जिंकले तर सगळं गोलफरकावर येतं. म्हणून 3-0 झाल्यावर सैल पडू नकोस. भारताने तिथे श्रीलंकेला 8-0 हरवलं.

अंतिम सामन्यात भारताच्या सिंगमयुम शमीने दुसऱ्याच मिनिटाला फ्री-किकवर गोल केला, 61व्या मिनिटाला बांगलादेशने बरोबरी साधली आणि निकाल पेनल्टीवर 4-3 असा भारताच्या बाजूने लागला. त्याच वर्षी कोलंबोत 17 वर्षांखालील अंतिम सामनाही बांगलादेशशीच आणि पेनल्टीवरच! तरी आपली पोरं पेनल्टी मारतात ती सरावाआधी, ताज्या पायांनी, खिदळत. त्याचा उपयोग शून्य.

सराव संपला, पाय जड झाले, की मध्यवर्तुळातून एकटा चालत ये. चेंडू स्वतः ठेव. कोपरा चालतानाच ठरव. धावताना मन बदललं की चेंडूशेजारी रोवायचा पाय मागे पडतो, अंग मागे झुकतं आणि चेंडू बारवरून जातो. शिट्टीनंतर एक श्वास, मग धाव. धावताना थबकणं चालतं. धाव पूर्ण झाल्यावर किकची हूल दिलीस तर किक बाद आणि वर पिवळं कार्ड. रोज पाचच मार, पण गोलकीपर बदलत राहा. एकच असला की त्याला तुझी सवय कळते.

शूटआउटमध्ये किक घेतात ते सामना संपताना खेळात असलेलेच. पिंडरीत गोळा येऊन 85व्या मिनिटाला बाहेर बसलास तर हा सगळा सराव फुकट. पाणी आणि मीठ आदल्या दिवसापासून सांभाळ.

सामने थिम्फूसारख्या उंचीवर असतील तर पहिल्याच सरावात लांब पास आणि क्रॉसचा अंदाज घे. विरळ हवेत चेंडू पुढे पळतो.

आणि जन्मदाखल्यावरचं व पासपोर्टवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का, ते आजच वडिलांसोबत बसून तपास. दुरुस्तीला आठवडे जातात.

तुझे,
सर