‘फेल्प्सनं ओढला तर चालतं, मग मी काय पाप केलं?’

पोहण्याच्या बॅगेत, गॉगल ठेवायच्या छोट्या कप्प्यात, गमीजचं, म्हणजे चघळायच्या मऊ गोड गोळ्यांचं, पाकीट सापडलं. आईला आधी वाटलं, व्हिटॅमिनच्या असतील. मग वेष्टनावरचा त्रिकोण दिसला, त्यात गांजाचं पान आणि खाली ‘सीए’ (कॅलिफोर्निया) ही अक्षरं. कॅलिफोर्नियात राहणारं मराठी कुटुंब. मुलगा सोळा वर्षांचा, शाळेच्या आणि क्लबच्या संघातून बटरफ्लाय पोहणारा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

त्या रात्री घरात जे व्हायचं ते झालं. बाबा म्हणाले, “उद्यापासून स्विमिंग बंद.” आई म्हणाली, “गांजानं माणसं वेडी होतात, माहितीये ना?” मुलगा शांतपणे फोन काढून एकेक दाखवत गेला. जलतरणपटू मायकेल फेल्प्सचा गांजा ओढतानाचा फोटो, गांजामुळे बंदी आलेल्या धावपटू शाकॅरी रिचर्डसनची बातमी, एनबीए या बास्केटबॉल लीगचा नवा करार, राज्याचा कायदा. “सगळं जग बदललंय. तुम्हीच जुन्या जमान्यात आहात.”

समुपदेशनाला आल्यावर आईचा पहिला प्रश्न नशेबद्दल नव्हताच. “मॅडम, त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर आहे. आमच्याकडे एकही नाही. आता बोलायचं कसं?”

हा प्रश्न हल्ली वारंवार येतो, आणि पालक जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी अडकतात. मुलाच्या बोलण्यातलं खरं तेवढंही ते नाकारतात. मुलानं ते आधीच वाचलेलं असतं. आईबाबांचं एक विधान खोटं ठरलं की त्यांची पुढची दहा खरी विधानंही वाया जातात. म्हणून पहिलं सत्र फक्त पालकांबरोबर झालं, आणि त्यात मुलाचं काय खरं आहे एवढंच बघितलं.

खरं बरंच होतं. फेल्प्सचा बाँग (पाण्यातून गांजा ओढायची नळी) ओढतानाचा फोटो फेब्रुवारी २००९ मध्ये छापून आला. अमेरिकी जलतरण संघटनेनं त्याला तीन महिने बाहेर ठेवलं, केलॉग्जनं करार पुढे वाढवला नाही. त्या वर्षी गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत ४४ टक्के अमेरिकन गांजा कायदेशीर करण्याच्या बाजूनं होते. हाच आकडा १९६९ मध्ये १२ टक्के होता आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेला. म्हणूनच २०२१ मध्ये रिचर्डसनवर बंदी आली तेव्हा लोकांचा राग तिच्यापेक्षा नियमावर जास्त निघाला. बेसबॉलच्या मेजर लीगनं डिसेंबर २०१९ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला. एनएफएल या अमेरिकी फुटबॉल लीगनं २०२० च्या करारापासून केवळ गांजाची चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून निलंबित करणं थांबवलं. एनबीएनं २०२३ च्या करारात तो बंदीच्या यादीतूनच वगळला. मुलगा यातलं काहीच खोटं सांगत नव्हता.

“मग आम्ही काय बोलायचं?” बाबांनी विचारलं. ते जरा खट्टूच झाले होते.

बोलायचं ते या बातम्यांच्या दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल, आणि तेही मुलाच्याच तोंडून निघालं तर उत्तम. दुसऱ्या सत्रात त्याला एकट्याला बोलावलं. सुरुवातीलाच सांगितलं, की फेल्प्सबद्दल तू म्हणतोस ते बरोबर आहे. तो चमकला, वादाची तयारी करून आला होता. मग त्याला विचारलं, फोटो कधीचा? त्यानं शोधलं. नोव्हेंबर २००८, बीजिंगची आठ सुवर्णपदकं खिशात आल्यानंतरचा, एका पार्टीतला. त्याची कुठलीही चाचणी पॉझिटिव्ह आलेली नव्हती. संघटनेनं कारवाई केली ती वर्तनाबद्दल. म्हणजे या फोटोतून गांजा आणि पोहण्याच्या वेळेबद्दल काहीच सिद्ध होत नाही, ना त्याच्या बाजूनं, ना आईच्या.

रिचर्डसनचं प्रकरण त्याच्या जास्त जवळचं होतं. जून २०२१ मध्ये तिनं ऑलिंपिक निवड स्पर्धेत १०० मीटर १०.८६ सेकंदात जिंकली. स्पर्धा झाली ऑरेगनमध्ये, जिथं प्रौढांना गांजा कायद्यानं चालतो. आईच्या मृत्यूची बातमी कळल्यावर तिनं तो घेतला होता, हे तिनं स्वतः कबूल केलं. निलंबन फक्त एका महिन्याचं, टोकियोतल्या रिलेच्या आधी संपणारं. पण निवड स्पर्धेतला निकालच रद्द झाल्यामुळे १०० मीटरची जागा गेली, आणि रिलेसाठीही तिला घेतलं नाही. लोकांची सहानुभूती भरपूर मिळाली. पुढे वाडा या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं नियमाचा फेरविचारही केला, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये बंदी कायम ठेवली.

इथं मुलानं स्वतःच विचारलं, “पण राज्यात लीगल होतं ना?”

खरा गुंता याच शब्दात आहे. ‘लीगल’ म्हणजे एकच गोष्ट, असं मुलं धरून चालतात. त्याच्यासमोर कोरा कागद ठेवला आणि त्याला कोणाकोणाचे नियम लागू होतात ते त्यालाच लिहायला सांगितलं.

राज्याचा कायदा: कॅलिफोर्नियात २०१६ च्या मतदानानंतर २१ पूर्ण झालेल्यांना २८.५ ग्रॅमपर्यंत गांजा बाळगता येतो. तो सोळाचा. अठराच्या आतल्या मुलाकडे तेवढाच सापडला तर पहिल्या वेळी चार तासांचं व्यसन-शिक्षण आणि दहा तासांपर्यंत समाजसेवा. तुरुंग नाही, पण मोकळीकही नाही. केंद्राच्या कायद्यात मनोरंजनासाठीच्या गांजाला कुठेच परवानगी नाही, आणि विमानतळावरची सुरक्षा तपासणी केंद्राच्या अखत्यारीत येते. शाळेच्या संघात शिरताना सही केलेली आचारसंहिता वेगळीच. खेळाडू विद्यार्थ्यांच्या अचानक चाचण्या शाळा घेऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच मान्य केलंय. आणि जलतरण संघटनेचं सदस्यत्व घेतलं की उत्तेजकविरोधी नियम लागू. त्याच्या पातळीवर चाचणी क्वचित होते. पण राष्ट्रीय स्पर्धेची पात्रता वेळ गाठायची स्वप्नं तोच बघत होता.

एनबीए त्याच्या कागदावर कुठेच आलं नाही. त्याच्या लक्षात आलं ते, हसला. व्यावसायिक लीगचे नियम मालक आणि खेळाडूंची संघटना वाटाघाटीनं ठरवतात, तिथं जनमताचा रेटा लवकर पोचतो. ऑलिंपिक खेळांचे नियम वाडा ठरवते. कामगिरी वाढण्याची शक्यता, आरोग्याला धोका, खेळाच्या वृत्तीशी विसंगती, या तीन निकषांपैकी दोन लागू पडले की पदार्थ यादीत जाऊ शकतो. तिथं मतदान होत नाही.

आता त्याच्या वापराकडे वळलो. तो म्हणाला, “मी स्पर्धेत घेतच नाही. आदल्या रात्री झोपेसाठी घेतो. बंदी फक्त स्पर्धेपुरती आहे.” हेही अर्धं खरं. टीएचसीवर, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकावर, बंदी स्पर्धाकाळातच असते. पण तो काळ आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी सुरू होतो. तो दहा मिलीग्रॅमची गमी रात्री दहाला खायचा. खाल्लेल्या गांजाचा अंमल चढायला अर्धा ते दोन तास लागतात, कळस दोन ते चार तासांनी येतो. म्हणजे अंमल ऐन भरात असायचा तो मध्यरात्रीनंतर, नियमाच्या भाषेत स्पर्धा सुरू झाल्यावर. लघवीतली मर्यादा २०१३ पासून मिलिलिटरला १५० नॅनोग्रॅम आहे, पूर्वी १५ होती. त्यामुळे कधीकाळी घेतलेल्याला सहसा धोका नाही. आदल्या रात्री घेणाऱ्याला नक्की आहे. शिवाय सकाळी आठच्या हीटला (प्राथमिक फेरीला) ब्लॉकवर उभं राहताना प्रतिक्रियेचा वेग मंदावलेला असू शकतो तो वेगळाच. “टर्न चुकतायत,” असं कोच दोन महिने सांगत होते.

मग नेहमीचे सहा प्रश्न विचारले. किशोरवयीन मुलांसाठीची ही ‘क्राफ्ट’ नावाची प्रश्नावली डॉक्टरही वापरतात. नशेत असलेल्याच्या गाडीत बसलास का (किंवा स्वतः नशेत चालवलीस का)? ताण घालवायला किंवा चारचौघांत मिसळायला घेतोस का? एकटा असताना घेतोस का? घेतल्यावर काय केलं ते विसरतोस का? घरचे, मित्र कमी कर म्हणतात का? कधी अडचणीत आलास का? दोन ‘हो’ आले तर पुढची तपासणी हवी. त्याचे तीन आले: मित्राची गाडी, ताण, आणि एकटा असताना. तिसऱ्या ‘हो’चा आवाज बराच हळू होता.

ताण कसला, हे शोधायला आणखी एक सत्र गेलं. रात्री साडेबारापर्यंत झोप येत नाही आणि पावणेपाचला सरावासाठी उठायचं. गांजाकडे तो गेला तो मजेसाठी नाही, झोपेसाठी. मग दिवसभराचा तपशील लिहून आणायला सांगितला, तोंडात गेलेल्या प्रत्येक गोष्टीसकट. त्यात सापडलं: संध्याकाळी पाचच्या सरावाआधी पाण्यात कालवून घेतलेली ‘प्री-वर्कआउट’ पावडर, एका चमच्यात २०० मिलीग्रॅम कॅफीन. कॅफीन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. रात्री दहाला त्यातलं शंभर मिलीग्रॅम अंगात शिल्लक, आणि त्यावर उतारा म्हणून गमी! सगळ्याच प्रकरणांत असा सोपा धागा हाती लागत नाही, पण बॅगेतले बाकीचे डबे कोणी बघत नाही हे मात्र नेहमीचं.

आखणी अशी झाली. पावडर त्याच दिवशी बंद. गमीज आठवड्यातून तीनदा, अर्धी किंवा एक, म्हणजे मात्रा फार नव्हती. म्हणून हळूहळू न सोडता एकदम सोडायचं ठरलं, बालरोगतज्ज्ञांना सांगून. तिथं मुलानं डॉक्टरांशी एकट्यानं बोलायचं. आईबाबांना आधीच बजावलं: पहिल्या एक-दोन दिवसांत चिडचिड सुरू होईल, आठवडाभर वाढेल, भूक मंदावेल, विचित्र स्वप्नं पडतील. दोनेक आठवड्यांत बहुतेक सगळं ओसरतं, झोप मात्र जरा जास्त वेळ घेते. या दिवसांतली चिडचिड बघून “बघा, पुन्हा घेतोय” म्हणणारे पालक पुष्कळ. खरं तर ती न घेतल्याची खूण असते.

बाबांनी घरी करायची चाचणीची किट मागवून ठेवली होती. ती महिनाभर उघडू नका म्हणून सांगितलं, त्यामागे हिशोब आहे. अशा किटची मर्यादा बहुधा ५० नॅनोग्रॅम असते, स्पर्धेच्या मर्यादेच्या एक तृतीयांश. टीएचसी चरबीत साठतो. अधूनमधून घेणाऱ्याच्या लघवीत त्याचा अंश तीन-चार दिवस दिसतो, रोज घेणाऱ्याच्या महिनाभर किंवा त्याहून जास्त. मुलानं प्रामाणिकपणे सोडलेलं असतं, पट्टी मात्र ‘आहे’ म्हणते, आणि घरात पुन्हा महाभारत.

स्विमिंग बंद करायचा हट्टही बाबांनी सोडला, जरा वेळानं. दिवसातले चार तास, संघ, शिस्त, सगळं एका फटक्यात काढून घेतलं तर त्या रिकाम्या वेळात गांजाच उरतो.

मधल्या वाटेचा एक प्रश्न मुलाकडून आलाच. “मग सीबीडी घेऊ? ते तर यादीत नाही.” सीबीडी हा गांजातलाच, पण नशा न आणणारा घटक. खरंय, २०१८ पासून वाडानं तो वगळलाय. पण गांजातले बाकीचे घटक बंदीतच आहेत, आणि बाटलीवर लिहिलंय तेच आत असतं असं नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं तपासली, त्यातल्या १८ मध्ये टीएचसी निघाला. चाचणीत सापडलं तर जबाबदारी खेळाडूची; लेबल चुकीचं होतं हे सांगून सुटका सहज होत नाही.

पालकांशी शेवटी एक वेगळं बोलणं झालं, ते व्हिसाबद्दल. कुटुंब अजून ग्रीन कार्डच्या रांगेत. राज्यात चालतं म्हणून इमिग्रेशनमध्ये चालतं असं नाही. तिथं केंद्राचा कायदा बघतात. शिक्षा झालेली नसतानाही अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली अडचणीची ठरू शकते. अल्पवयीनांचं गणित थोडं वेगळं असतं, म्हणून अर्जात किंवा मुलाखतीत काय सांगायचं हे आधी वकिलाला विचारायचं. आणि स्पर्धेच्या प्रवासाला निघताना बॅग रिकामी करून भरायची, प्रत्येक वेळी. बास्केटबॉलपटू ब्रिटनी ग्रायनरच्या सामानात फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉस्कोच्या विमानतळावर सापडलेल्या व्हेपच्या नळ्यांत गांजाचं तेल एक ग्रॅमपेक्षाही कमी होतं. शिक्षा झाली नऊ वर्षांची. डिसेंबरात ती सुटली, पण दोन सरकारांनी कैद्यांची अदलाबदल केली म्हणून. मुलाला हे आधीच माहीत होतं. स्वतःच्या बॅगेशी त्याचा संबंध त्यानं जोडला नव्हता, इतकंच.

सहाव्या आठवड्यात तो एका पार्टीत पुन्हा ओढून आला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच आईला सांगितलं. आई त्या क्षणी काहीच बोलली नाही, नंतर फोन करून विचारलं, “आता काय करू?” आधी ठरवलं होतं तेच करायचं: त्या रात्री गाडी कोणी चालवली एवढं विचारायचं, बाकीचं रविवारी. उत्तर आलं, मित्राच्या बाबांनी. स्पर्धा तीन आठवड्यांवर होती. कोचना सांगायचं की नाही हे त्याच्यावर सोडलं. अजून त्यानं सांगितलेलं नाही.

“एकवीसचा झालो की मी घेईन, तेव्हा तुम्ही काही बोलू नका,” हे त्याचं म्हणणं आजही कायम आहे. त्यावर आईबाबांनी वाद घातलेला नाही.

पाकिटाचं काय करायचं, हे विचारायचं सगळेच विसरले होते. घरात पाच वर्षांची धाकटी बहीण आहे आणि गमीज दिसायला हुबेहूब गोळ्या-चॉकलेटसारख्या. लहान मुलाला एवढीही मात्रा दवाखान्यात नेऊ शकते. वापरलेल्या कॉफीच्या चोथ्यात कालवून, पिशवी घट्ट बांधून कचऱ्यात टाकायला सांगितलं. ते मुलानंच टाकलं, आई बाजूला उभी होती.