नाशिकमध्ये तळघराची खोदाई द्यायची आहे. ठेकेदाराशी करार तासावर करावा की ब्रासवर (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट)? आणि रेट किती धरावा?

ब्रासवर करा. पण ब्रास जमिनीतला धरा, डंपरमधला नव्हे. करारात दुसरं काही लिहायचं राहिलं तरी निभावेल, हे वाक्य मात्र सुटता कामा नये.

तुमचं तळघर पाथर्डी फाट्याच्या बाजूला, 40 बाय 50 फूट, 10 फूट खोल. ठेकेदार म्हणतोय, "खेपा मोजू, विश्वास असेल तर कागद कशाला?" हे बोलणं नाशिकमध्ये इतक्या प्लॉटवर चालतं आणि शेवटी त्यावरूनच इतके तंटे होतात, की ऐकलं तरी संताप येतो. जमिनीखाली काय आहे हे तुम्हाला दिसत नाही आणि त्यालाही दिसत नाही. कागद त्यासाठी लागतो, विश्वासाचा प्रश्नच नाही.

आधी खेपांचा हिशेब बघा. 40 × 50 × 10 म्हणजे 20,000 घनफूट, म्हणजे 200 ब्रास. खोदलं की माल फुगतो. मुरूम साधारण पाव पट फुगतो, फोडलेला पाषाण जवळपास निम्म्याने. म्हणजे तेच 200 ब्रास गाडीत 250 ते 300 होतात, आणि 2 ब्रासच्या डंपरच्या 100 खेपांऐवजी 125 ते 150 खेपांचं बिल येतं. गाडी हौद्याच्या काठापर्यंत भरली नसेल तर आणखी वाढतं. ठेकेदार खोटं बोलतोय असंही नाही, खेपा खरोखर तेवढ्याच होतात. तुम्ही भाव मनात जमिनीतल्या ब्रासवर धरलेला असतो आणि तो गाडीतल्या ब्रासवर लावतो, एवढंच.

दुसरा वाद कामाच्या जागेचा. भिंतीचं शटरिंग आणि वॉटरप्रूफिंग करायला चारी बाजूंनी 2 फूट मोकळे लागतात. मग खड्डा 44 × 54 चा होतो, म्हणजे 237.6 ब्रास. वरचे साडेसदतीस ब्रास मापात धरायचे की नाही, ते आधीच लिहा. वरच्या काळ्या मातीला उतार द्यावा लागतो, त्याचंही तसंच.

आता खडक. खरी मारामारी इथे होते. नाशिक बेसाल्टवर बसलंय: वर काळी माती, खाली मुरूम, मग मऊ खडक, मग काळा पाषाण. पाषाण एका कोपऱ्यात 4 फुटांवर लागतो आणि त्याच प्लॉटच्या दुसऱ्या कोपऱ्यात 8 फुटांपर्यंत बकेट आरामात चालते. पोकलेन (साखळीपट्ट्यावर चालणारं खोदाईचं मोठं मशीन) खड्ड्यात उतरलेलं असतं, पाषाण लागतो, आणि ठेकेदार म्हणतो, "आता ब्रेकर लावावा लागेल, तासाप्रमाणे." ब्रेकर म्हणजे खडक फोडणारा यांत्रिक हातोडा. त्या क्षणी मालकाच्या हातात काहीच नसतं.

म्हणून करारापूर्वी जेसीबीने चार कोपऱ्यांत आणि मध्ये एक असे पाच चाचणी खड्डे घ्या. बकेट जिथे अडेल ती खोली लिहून ठेवा, टेप लावून फोटो काढा. करारात भाव तीन: माती-मुरूम, मऊ खडक, कठीण पाषाण. व्याख्या मशीनवर करा. जेसीबीची बकेट जे उचलते ते माती-मुरूम. पोकलेनच्या बकेटचे दात जे उकरतात तो मऊ खडक. ब्रेकरशिवाय जे निघत नाही तेच पाषाण. मुरुमातले सुटे धोंडे बकेटने उचलले जात असतील तर ते मुरूमच. "खडक लागल्यास दर वेगळा" असं मोघम वाक्य मुळीच नको.

मोजणी ऑटो लेव्हलने (उंची-खोली मोजायच्या दुर्बिणीने), 10 फुटांच्या चौकटीत. तुमच्या मापाला 30 बिंदू येतात. बेंचमार्क (ज्यापासून सगळी मापं धरायची ती कायमची खूण) शेजारच्या पक्क्या इमारतीच्या जोत्यावर घ्या, मशीनचा धक्का लागणार नाही अशा जागी. तीन वेळा लेव्हल घ्यायच्या: खोदाईआधी, पाषाण उघडा पडल्यावर आणि तळ झाल्यावर. मऊ खडक लागला की त्याच्या माथ्याची चौथी. प्रत्येक वेळी दोघांच्या सह्या त्याच कागदावर. पाषाणाचा माथा सरासरी 6 फुटांवर निघाला तर 20,000 घनफुटांतले 120 ब्रास वरचे आणि 80 ब्रास पाषाण, विषय संपला. अट अशी घाला की पाषाणाची लेव्हल झाल्याशिवाय ब्रेकर सुरू होणार नाही. एकदा फोडल्यावर तो माथा पुन्हा मोजता येत नाही.

जादा खोदाईचंही लिहा. तळ फूटभर खाली गेला तर 20 ब्रासचा खड्डा पडतो आणि तो मुरुमाने नाही, काँक्रीटने भरायचा असतो. खर्च ठेकेदाराचा. तळ मुरुमात असेल तर शेवटचे 6 इंच पीसीसीच्या (तळाच्या साध्या काँक्रीटच्या) आदल्या दिवशीच काढायचे, नाहीतर पाऊस किंवा पाझर त्याला मऊ करतो.

माल कोणाचा, हेही ठरवा. मुरूम विकला जातो, तेव्हा ठेकेदार नेणार असेल तर दर कमी झाला पाहिजे. भिंतीमागच्या भरावापुरता मुरूम आधी बाजूला काढून घ्या, खड्ड्याच्या काठापासून निदान दीड मीटर लांब. काळी माती भरावात अजिबात नको, ती पाण्याने फुगते आणि भिंतीवर रेटा देते.

प्लॉटबाहेर माल गेला की गौण खनिजाचा, म्हणजे माती-मुरूम-दगडावरच्या सरकारी रॉयल्टीचा प्रश्न येतो. त्याच जागेत भरावाला वापरलेल्या मातीबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा 2014 चा निकाल मालकाच्या बाजूने आहे, पण बाहेर नेऊन विकलेल्या मुरुमाला तो लागू धरू नका. रॉयल्टी आणि वाहतूक पास ठेकेदाराने काढायचे, प्रती बिलासोबत द्यायच्या, त्याशिवाय पैसे नाहीत. जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) खालचा दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत जातो.

शेजाऱ्यांच्या भिंतींचे तारखेसह फोटो ब्रेकर लावण्याआधी काढा, आधीच्या भेगांसकट. पाणी उपसण्याचा खर्च, मजुरांचा विमा आणि मशीन आणणाऱ्या ट्रेलरचं येण्या-जाण्याचं भाडं कोणाकडे, प्रत्येकी एक ओळ. बिलाचे शेवटचे 10 टक्के तळाची लेव्हल झाल्यावर. हे सगळं 500 च्या स्टॅम्पवर, लेव्हलचा पहिला तक्ता जोडून.

किती रेट, हे तुम्ही विचारलंय. मी आकडा देत नाही, कारण पाषाण किती आणि माल टाकायची जागा किती लांब यावर तो दुप्पट फिरतो. तिघांकडून याच तीन भावांत कोटेशन घ्या. कुंभमेळ्याच्या कामांमुळे मशीन मध्येच काढून नेलं जाऊ नये म्हणून सलग कामाची अट आणि दिवसाचा दंडही लिहा.

एक राहिलं. फक्त कॉलमचे खड्डे असतील किंवा काम एका दिवसाचं असेल तर तासावर द्यायला हरकत नाही, एवढ्यासाठी लेव्हल कोणी घेत नाही. तेव्हा बकेटचा तास आणि ब्रेकरचा तास वेगळा लिहा, किमान तास किती ते ठरवा, आणि अवर मीटरचा (मशीन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या मीटरचा) फोटो मशीन सुरू होताना व थांबताना स्वतः काढा. डिझेलसाठी किंवा नादुरुस्तीसाठी मशीन थांबलं तर तो वेळ वजा.