शिबंदी म्हणजे धान्य नव्हे

प्रश्न असा आला आहे: "फिलिपाइन्समधल्या बालेरच्या वेढ्यावर लेख लिहितो आहे. 'चर्चमधली स्पॅनिश शिबंदी ३३७ दिवस तगली' असे वाक्य होते. तपासणाऱ्याने 'शिबंदी'वर फुली मारली आणि समासात लिहिले की शिबंदी म्हणजे धान्यसाठा, ती तगत नाही, पुरते. बरोबर कोण?"

तुम्ही. शिबंदी म्हणजे माणसे. किल्ल्याच्या, ठाण्याच्या किंवा गढीच्या रखवालीला ठेवलेली, पगारी, हत्यारबंद माणसे. ती मरतात, पळतात, फितूर होतात, पण शिजवता येत नाहीत. "गडावरची शिबंदी संपली म्हणून किल्लेदाराने गड सोडला", "प्रवासाला निघताना खाण्यापिण्याची शिबंदी जवळ ठेवावी" अशी वाक्ये गेली काही वर्षे सतत कानावर येतात आणि दर वेळी वाटते की कोणीतरी आत्ताच्या आत्ता उठून हे थांबवले पाहिजे. शिधा आणि शिदोरी हे दोन शब्द शेजारी बसलेले, त्यात शिबंदीचाही पहिला 'शि' ऐकू आला, की माणसे तिघांना एकाच ताटात वाढतात.

बालेरबद्दल लिहिताना तर ही चूक अजिबात चालायची नाही. तिथे माणसे आणि धान्य दोन्ही एकाच वेळी आटत होती, त्यामुळे "शिबंदी संपत आली" असे म्हटले तर काय संपत आले हे वाचणाऱ्याला कळायलाच हवे. बालेर हे लुझॉन बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरचे गाव. जून १८९८च्या अखेरीस फिलिपिनो क्रांतिकारकांनी तिथल्या स्पॅनिश ठाण्यावर चाल केली. पन्नासेक सैनिक गावातल्या दगडी चर्चमध्ये शिरले, दारे-खिडक्या बुजवल्या, आवारात विहीर खणली आणि २ जून १८९९पर्यंत आत राहिले. मिठाचा सुरुवातीपासूनच दुष्काळ. साठवलेली साळ कांडायची आणि भात शिजवायचा, मिळेल तो पाला खायचा. गोळीने मेलेले बोटांवर मोजण्याइतके, आणि बेरीबेरी या निकस आहाराच्या रोगाने व आमांशाने गेलेले डझनाहून जास्त. आधी पाद्री गेला, ऑक्टोबरात लेफ्टनंट आलोन्सो, नोव्हेंबरात स्वतः कॅप्टन दे लास मोरेनास. मग सूत्रे उरलेल्या एकमेव लेफ्टनंटकडे, सातुर्निनो मार्तिन सेरेसोकडे आली.

आपल्याकडच्या गडांवर ही दोन खाती मुळातच वेगळी होती. शिवकाळात गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे बरोबरीचे अधिकारी असत, आणि त्यांच्याखेरीज कारखानीस. माणसांची हजेरी, कोण आला, कोण मेला, कोणाचे किती देणे, हे सबनिसाच्या दफ्तरात. गल्ला म्हणजे धान्य, दारूगोळा, तेल-तूप-मीठ हे कारखानिसाकडे. शिबंदी ही सबनिसाच्या वहीतली बाब आहे. तुमच्या तपासणाऱ्याने ती उचलून कारखानिसाच्या कोठारात टाकली. बालेरच्या चर्चमध्ये सबनीस असता तर त्याची वही कशी दिसली असती पाहा: इतके रोगाने मेले, दोघे गोळीने, काही पळून शत्रूला जाऊन मिळाले, दोघांना फितुरीच्या आरोपावरून सेरेसोने १ जूनला, म्हणजे सुटकेच्या आदल्या दिवशी, गोळ्या घातल्या, आणि शेवटी ३३ जिवंत बाहेर पडले. ही झाली शिबंदीची हकिकत.

आता मूळ. शब्द फारसी आहे: सिह-बंदी. 'सिह' म्हणजे तीन. हाच 'सिह' सतारीत आहे. सिह-तार, तीन तारांची. सतार आणि शिबंदी या सख्ख्या बहिणी आहेत, एक मैफलीत गेली आणि एक बुरुजावर, आणि दोघींच्या कपाळावर तोच तीनचा आकडा आहे. हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा मी दिवसभर भेटेल त्याला सांगत होतो.

सतारीत 'स' राहिला आणि शिबंदीत 'श' का झाला, असे कोणी विचारील, आणि विचारायलाच हवे. उत्तर सोपे आहे. 'स'पुढे 'इ' आली की मराठी जीभ तिचा 'शि' करते. सिपाही आला, त्याचा शिपाई झाला. सिक्का आला, त्याचा शिक्का झाला. सिलाहदाराचा शिलेदार, सिंदूराचा शेंदूर. सिबंदीची इकार टिकली म्हणून तिची शिबंदी झाली. सितारीची इकार मराठीत गळाली, सतार उरली, म्हणून तिथे 'श' व्हायला काही कारणच राहिले नाही. एकाच नियमाने दोन्ही रूपे सुटतात. जुन्या कागदांत 'सिबंदी' असे लेखनही सापडते, म्हणजे वाटेतला टप्पाही शाबूत आहे.

'शिबिर'वरून 'शिबिरबंदी' आणि मग 'शिबंदी' असे सांगणारे एक मत आहे. ते मला मुळीच मान्य नाही. मधला 'र' कुठे गेला? मराठी असा 'र' सहजासहजी टाकत नाही. आणि शिबिर म्हणजे आज आहे उद्या नाही असा मुक्काम. शिबंदी बसते ती भिंतीच्या आत, ठाण्याला धरून. अर्थ नेमका उलटा. संस्कृत शब्द शेजारी दिसला की त्याच्याशी सोयरीक जुळवायची, ही सवय सोडली पाहिजे.

मग तीन कसले? युल आणि बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात हा शब्द 'सेबंडी' म्हणून आला आहे. तीनचा 'सिह' त्यांनी ओळखला आणि पुढे लिहिले की यामागचा हेतू आम्हाला उमगत नाही. न उमगण्यासारखे त्यात काय होते? त्यांच्याआधी दोनच वर्षे, १८८४ साली, प्लॅट्सने आपल्या उर्दू-हिंदी-इंग्रजी कोशात तिमाही देणे असा अर्थ दिला होता. शेजारच्या टेबलावरचा कोश उघडायला हवा होता.

प्लॅट्सच्या पुढे मला एक पाऊल जायचे आहे, आणि हे माझे मत आहे असे समजून वाचा. सगळी गंमत 'बंदी'त आहे. ही बंदी कैदेची नव्हे आणि मनाईचीही नव्हे. ही जमाबंदीतली, हप्तेबंदीतली, किस्तबंदीतली बंदी: बांधून दिलेली व्यवस्था. हप्त्यांची बांधणी ती हप्तेबंदी, आणि तीन महिन्यांची बांधणी ती सिहबंदी. म्हणजे हा शब्द आधी फौजेचा नव्हताच, तो हिशेबाचा होता. शिबंदीची माणसे मुळात वसुलीच्या कामी लागत. महसूल गोळा करायचा, ठाणे राखायचे, अडून बसलेल्याला दरडावायचे. वसुली हंगामाने होते. हंगामापुरती माणसे ठेवायची, तीन महिन्यांचा करार बांधायचा, हंगाम सरला की मोकळे करायचे. माझ्या मते तीनचा आकडा आधी नेमणुकीच्या मुदतीचा असणार आणि पगार त्यामागून आला. पुढे माणसे कायम झाली, किल्ल्यावर बसली, तरी नाव हंगामीच राहिले. 'शिबंदी' स्त्रीलिंगी का, हेही यातून सुटते: ती माणूस नाही, व्यवस्था आहे. म्हणून "चर्चमधले शिबंदी" असे कोणी लिहिले तर खोडा, तिथे 'बंदी' म्हणजे कैदी असे कोणीतरी धरून चालले आहे. आणि "चार शिबंदी" असेही होत नाही. शिबंदीतले चार जण.

माणसाला त्याच्या पगारावरून नाव पडणे आपल्यालाच सुचले असेही नाही. बालेरच्या चर्चमध्ये जे स्पॅनिश सैनिक होते त्यांना त्यांच्या भाषेत 'सोल्दादो' म्हणतात. मूळ 'सोलिदुस', रोमन सोन्याचे नाणे. त्यातून स्पॅनिशमध्ये 'सुएल्दो' म्हणजे पगार, आणि पगार घेतो तो सोल्दादो. तेव्हा सोल्दादोला मराठीत शिबंदीतला माणूस म्हणणे किती चपखल बसते ते पाहा. नाण्यावरून नाव पडलेल्याला हप्त्यावरून नाव पडलेला भेटला. आणि बालेरमध्ये तर हा अर्थ काळजाला लागतो, कारण ज्या धन्याच्या पगारावर ते आत बसले होते, त्या धन्याने १० डिसेंबर १८९८ला पॅरिसमध्ये सही करून ती बेटे अमेरिकेला दिली आणि दोन कोटी डॉलर घेतले. आतल्यांना कोणी सांगितले तरी पटेना. सहा महिने ते दुसऱ्याच्या झालेल्या जमिनीवर स्पेनचे निशाण राखत बसले.

एक आक्षेप मीच घेतो. जुन्या काटेकोर अर्थाने शिबंदी म्हणजे बिनकवायती, स्थानिक भरतीची माणसे. बालेरमधले सैनिक स्पेनहून आलेल्या कासादोर पलटणीचे, कवायती. पण मराठीत शब्दाचा अर्थ केव्हाच पसरला आहे: ठाणे राखायला ठेवलेली तुकडी, मग ती कोणत्याही भरतीची असो. याच अर्थाने लिहा, बिनधास्त लिहा. 'संरक्षक सैन्यदल' असले तीन डब्यांचे वाक्य जोडायची गरज नाही. 'छावणी' तर नकोच, छावणीला छप्पर आपण घालतो आणि पावसाळा संपला की ती मोडतो. बालेरचे चर्च दगडी होते. आणि कृपा करून "चर्चला घेराव घातला" असे लिहू नका. घेराव साहेबाच्या खोलीबाहेर घालतात. फौज वेढा घालते, वेढा देते, वेढा बसतो, आवळतो, ढिला पडतो, उठतो. एवढी क्रियापदे असताना मोर्चातला शब्द कशाला आणायचा?

आता राहिले धान्य. तुमच्या तपासणाऱ्याला काहीतरी म्हणायचे होते, त्याला योग्य शब्द देऊ. 'रसद' नव्हे. फारसी 'रसीदन' म्हणजे पोचणे, रसद म्हणजे जी पोचते ती, आणि पोचल्याची खूण ती रसीद. वेढ्यात रसद तुटते, अडते, मारली जाते. आतली रसद "संपली" असे म्हणणे म्हणूनच खटकते, कारण आत जे असते ते आधीच पोचलेले असते. बालेरच्या चर्चमध्ये जे होते त्याला मराठीत बेगमी म्हणतात. गम म्हणजे चिंता, बे-गम म्हणजे निश्चिंत. घरात वर्षाचे धान्य भरले की माणूस बेगम होतो, आणि त्या निश्चिंतीचेच नाव पुढे धान्याला पडले. डिसेंबरमध्ये बेरीबेरी इतकी वाढली की डॉक्टर व्हिहिलही अंथरुणाला खिळला. ताजा पाला मिळाला नाही तर कोणी उरणार नाही हे उघड होते. १४ डिसेंबरला काही जणांनी अचानक बाहेर मुसंडी मारली, वेढा घालणाऱ्यांच्या आडोशाची घरे पेटवली, आणि भोपळे, संत्री, हिरवा पाला घेऊन परतले. आजार ओसरला. काही भोपळ्यांनी शिबंदी वाचवली, असे आता दोन्ही शब्द आपापल्या जागी ठेवून लिहिता येते.

शेवटाबद्दल तुम्ही "शरणागती पत्करली" लिहिले असेल, तर तेही बदलून पाहा. मे १८९९च्या अखेरीस स्पेनचाच लेफ्टनंट कर्नल आगिलार माद्रिदची वर्तमानपत्रे घेऊन चर्चच्या दारी आला. सेरेसोला ती बनावट वाटली, शत्रूने छापून आणलेली. नंतर चाळता चाळता 'एल इम्पार्सिआल'मध्ये एक बारीकशी बातमी दिसली: फ्रान्सिस्को दियास नावाच्या अधिकाऱ्याची मालागाला बदली. दियास त्याचा मित्र होता, आणि मालागाला जायचा बेत त्याने सेरेसोला खासगीत सांगितला होता. तो बेत शत्रूला ठाऊक असणे शक्य नव्हते. म्हणजे वर्तमानपत्र खरे, आणि म्हणून त्यातले बाकीचेही खरे. सेरेसोने अटी घातल्या: आम्ही कैदी नाही, हत्यारे खाली ठेवू, पण आम्हाला सुखरूप पोचवायचे. समोरच्यांनी मान्य केले, आणि ३० जूनला फिलिपिनो प्रजासत्ताकाचा अध्यक्ष आग्विनाल्दो याने फर्मान काढले की यांना युद्धकैदी नव्हे, मित्र समजावे. याला आपल्या बखरींच्या भाषेत शरणागती म्हणत नाहीत. शिबंदीने कौल, म्हणजे अभयाचे वचन, घेतला आणि ठाणे खाली करून दिले.